मालक 'आपलाच माणूस' आहे म्हणून चार महिन्यांचा पगार सोडायचा काय?

या वेळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पोराचं पत्र घेतलंय. नाव, गाव, कंपनी सगळं काढून टाकलंय, बाकी मजकूर त्याचाच, थोडा छाटून.

"ताई नमस्कार. मी आयटीआय टर्नर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तीन वर्षं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) होतो. पगार १८ हजार, त्यातले ११ हजार बँकेत आणि ७ हजार हातात. जुलै २०२५ पासून पगार थांबला. पार्टीचं पेमेंट अडकलंय, पुढच्या महिन्यात एकदम देतो, असं करत ऑक्टोबर संपला. दिवाळीला १० हजार दिले तेवढेच. नोव्हेंबरात पाच दिवस जाऊन मी सोडलं. त्या चार महिन्यांत ९६ तास ओव्हरटाइम केलाय, मी लिहून ठेवलंय, त्याचा एक रुपया नाही. आता विचारायला गेलं की मालक म्हणतो रिजेक्शन झालेल्या जॉबचे (बिघडलेल्या नगांचे) पैसे कापणार, नोटीस न देता सोडलास त्याचेही कापणार, मग राहतंय काय. सुपरवायझर म्हणायलाय तू आमच्या रोलवर नव्हतासच, कॉन्ट्रॅक्टरकडं जा. अपॉइंटमेंट लेटर कधी दिलंच नाही. माझं ओरिजिनल मार्क्सकार्ड त्यांच्या कपाटात आहे. मामाच्या ओळखीनं लागलो होतो, मालक मराठीच, बाबांना म्हणतो 'घरचाच पोरगा आहे, बुडवीन काय'. बाबा म्हणतात गप्प बस, आपल्याच माणसावर केस करायची नाही. लेबर ऑफिसात सगळं कन्नड, मला बोलायला येतंय थोडं, लिहायला येत नाही. आणि केस केली तर उद्यमबागेत मला परत कोण घेणार?"

भावा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा तुझ्या बाबांच्याच मुद्द्यावर बोलते, कारण कायदा पुढं सगळा आहेच पण तुझं पाऊल अडलंय ते तिथंच. 'आपला माणूस' हा शब्द आपल्या भागात फार जड आहे, सीमाभागात आपण एकमेकांना धरून राहतो, मंडळ, वर्गणी, लग्नकार्य, मोर्चा, सगळीकडं तीच चार घरं भेटतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण या माणसानं जुलैमध्ये मशीनचा हप्ता भरला असेल, लाइटबिल भरलं असेल, इन्सर्टवाल्याला, म्हणजे मशीनची कापायची पाती पुरवणाऱ्याला, पैसे दिले असतील कारण नाही दिले तर दुसऱ्या दिवशी माल येणार नाही, आणि थांबवलं कुणाचं तर तुझं, कारण तू घरचा. घरचा म्हणून जो शेवटी राहतो त्याचं घर कसं चालायचं? मालक कन्नड असता तर तुझे बाबा इतके महिने गप्प बसले असते असं मला वाटत नाही. तेव्हा बाबांना एवढंच सांग, की मी भांडायला निघालो नाही, कमावलेलं मागायला निघालोय, आणि कागदावर मागितलं म्हणजे नातं तुटतंय असं नाही. मामालाही आधीच सांगून ठेव, नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळलं की तो दुखावेल.

आता तारखेचं, आणि हे सगळ्यात आधी डोक्यात ठेव. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता २०१९ लागू झालीय, तिच्यात पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि मोबाइलवर सगळीकडं तेच फिरायलंय, त्यामुळं लोक निवांत झालेत. पण तुझी थकबाकी जुलै ते ऑक्टोबरची, म्हणजे संहिता लागू व्हायच्या आधीची. त्या काळात १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता, त्यात मुदत १२ महिन्यांची, पगार ज्या दिवशी मिळायला पाहिजे होता त्या दिवसापासून मोजायची. हजारपेक्षा कमी कामगार असले की महिना संपल्यावर सात तारखेच्या आत पगार द्यायचा हा नियम तेव्हाही होता, म्हणजे तुझा जुलैचा पगार ७ ऑगस्ट २०२५ ला द्यायला पाहिजे होता, आणि त्याचा दावा तू ७ ऑगस्ट २०२६ च्या आत लावलास तर कुणाला तोंड उघडायला जागाच राहणार नाही. नवीन कायद्यात तीन वर्षं आहेत म्हणून थांबलास तर मालकाचा वकील पहिला हाच मुद्दा काढणार. उशीर झाला तर योग्य कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण हातात वेळ असताना त्या वाटेला जायचंच कशाला. त्या जुन्या कायद्यात पगाराची मर्यादा महिना २४ हजार होती, तू १८ हजारवाला, आरामात बसतोस.

मग आता करायचं काय, तर आधी घरात बसून हिशोब. मालकाला फोन नको, मेसेज नको, कुणाला घेऊन जाणं नको. एक फुलस्केप कागद घे आणि महिनावार मांड. मी तुझ्याच आकड्यांवर करून दाखवते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, चार महिने १८ हजारप्रमाणे ७२,०००. रोजचा दर काढायला १८ हजारला साधारण २६ ने भागतात, ६९२ येतात, नोव्हेंबरचे पाच दिवस म्हणजे ३,४६०. त्या ६९२ ला आठ तासांनी भागलं की तासाला साडेशहाऐंशी, आणि कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो, सिंगल नाही, म्हणजे तासाला १७३, त्याला ९६ ने गुणलं की १६,६०८. सगळं मिळून ९२,०६८. त्यातून दिवाळीचे १० हजार वजा, प्रामाणिकपणे वजा, उचल घेतली असशील तर तीही वजा. राहिले ८२,०६८. ही रक्कम तुझी मागणी. दहा हजार लपवून ९२ मागितलेस आणि मालकानं दिवाळीचं व्हाउचर पुढं टाकलं तर तुझ्या ओव्हरटाइमच्या वहीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मिळालेलं पहिल्या ओळीत लिही.

पत्राच्या मी छाटलेल्या भागात मागणीचा आकडा सांगताना तू 'चार महिन्यांचे ७२ हजार' एवढंच म्हणालास, ओव्हरटाइम त्यातून सोडूनच दिला होतास. असं बरेच जण करतात, मूळ पगार मिळाला तरी बास म्हणून. नको. तडजोडीत काय सोडायचं ते नंतर बघू, मागताना पूर्ण माग.

अपॉइंटमेंट लेटर नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. ते देणं मालकाचं काम, नाही दिलं म्हणून तू कामगार नव्हतास असं होत नाही. तू तिथं होतास हे दाखवायला तुझ्याकडं काय काय आहे ते बघ, आणि माझा अंदाज आहे तुला वाटतंय त्यापेक्षा जास्त आहे. बँकेचं स्टेटमेंट काढ, तीन वर्षं दर महिन्याला ११ हजार कुठल्या खात्यावरून आले त्याचं नाव त्यात असतंय. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या सेकंड शिफ्टला ये', 'त्या जॉबचा ऑफसेट चेक कर', 'रविवारी यायला लागतंय' असले मेसेज असतील, ते सगळे ठेव, ग्रुपमधून रागानं बाहेर पडू नको आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट मारू नको, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोनमधलं दाखवायची वेळ येते. गेटपास, कँटीनचं कुपन, युनिफॉर्मवरचं नाव, मशीनसमोर काढलेला आयुधपूजेचा फोटो, सगळं चालतंय. हातात मिळणाऱ्या ७ हजारांचं जरा अवघड आहे, कारण त्याची सही त्यांच्याच रजिस्टरात. पण 'कॅश घेऊन जा', 'बाकीचे शनिवारी' असा एखादा मेसेज सापडला तर सोनं, आणि तुझ्याबरोबर कॅश घेणारा दुसरा कुणी तयार असेल तर त्याचा जबाब. तुझी ओव्हरटाइमची वही जशी आहे तशीच ठेव, आता बसून नवीन सुंदर अक्षरात उतरून काढू नको, तेलाचे डाग असलेली मूळ वहीच कामाची. नव्या संहितेत तर पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी सरळ मालकावर टाकलीय, पण तू तिथं कामाला होतास आणि दर काय होता हे आपल्याकडूनच जायला पाहिजे.

कॉन्ट्रॅक्टरचा जो फाटा फोडायलेत ना, त्याचं उत्तर बहुतेक तुझ्या पीएफच्या पासबुकात आहे. यूएएन नंबर, म्हणजे पीएफ खात्याचा तुझा नंबर, असेल तर पासबुक उघड आणि आस्थापनेचं नाव बघ, कंपनीचं आहे का कुणा भलत्याच एजन्सीचं. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिलास तरी निदान शेवटची भरणी आणि शिल्लक कळते. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर त्यावरही मालक कोण ते असतंय. आणि समज खरंच कॉन्ट्रॅक्टरचं नाव निघालं, तरी हरकत नाही, कॉन्ट्रॅक्टरनं पगार बुडवला की ज्याच्या शेडमध्ये तू राबलास त्या मूळ मालकावर तो देण्याची जबाबदारी येते, जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. म्हणून अर्जात दोघांचीही नावं घाल, कंपनी आणि कॉन्ट्रॅक्टर, मग त्यांनी एकमेकांकडं बोट दाखवायचं ते अधिकाऱ्यासमोर दाखवू दे.

पासबुक उघडशीलच तर आणखी एक बघ, जुलैनंतरची भरणी आहे काय. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचा असतो. तुझ्या पगारातून कापून घेतला आणि भरलाच नाही असं निघालं तर ते पगार थकवण्यापेक्षा गंभीर आहे, तो फौजदारी गुन्हा होतो, आणि त्याची तक्रार वेगळी, पीएफ ऑफिसच्या तक्रार पोर्टलवर करायची. कित्येकदा मालक लेबर ऑफिसच्या नोटीशीला दाद देत नाही पण पीएफवाल्यांचं पत्र आलं की धावतो.

रिजेक्शनची कपात. हे उद्यमबाग, मच्छे, काकती सगळीकडं चालतं आणि सगळ्यांना ते कायदेशीरच वाटतंय. तसं नाही. तुझ्या ताब्यात सांभाळायला म्हणून दिलेली वस्तू तुझ्याच निष्काळजीपणानं खराब झाली किंवा हरवली तरच नुकसानीची कपात करता येते, ती पण तुला आधी कळवून, तुझं म्हणणं ऐकून घेऊन. मटेरियलमध्ये ब्लोहोल (आतली पोकळी) निघालं, इन्सर्ट जुनं वापरायला लावलं, डबल शिफ्टला उभं केलं आणि जॉब गेला, याचे पैसे ऑपरेटरच्या खिशातून नाही. आणि सगळ्या कपाती मिळूनही साधारणपणे पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. तुला कधी एकदाही लेखी विचारलं नव्हतं ना? मग आता सोडून गेल्यावर ढीगभर रिजेक्शन आठवणं म्हणजे पगार न द्यायचं कारण शोधणं. नोटीशीचंही तेच, लेखी अटच नव्हती, आणि असती तरी तिच्या नावाखाली चार महिने राबलेला पगार दाबून ठेवायचा हक्क त्याला मिळत नाही.

हिशोब झाला की मालकाला एक पत्र. मराठी येतं त्याला, मराठीतच लिही, आणि तापून लिहू नको. 'मी आपल्या कारखान्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सीएनसी ऑपरेटर म्हणून काम केले. सोबतच्या हिशोबाप्रमाणे माझे रुपये ८२,०६८ येणे आहे. तसेच माझे आयटीआयचे मूळ मार्क्सकार्ड आपल्याकडे आहे. रक्कम पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यावर जमा करावी व मार्क्सकार्ड परत द्यावे, अन्यथा मला कामगार खात्याकडे दाद मागावी लागेल.' बास, एवढंच. शिव्या नाहीत, उपकाराची भाषा नाही, 'कृपा करून माझ्या गरिबीचा विचार करावा' तर अजिबात नको, हे दान नाही. स्पीड पोस्टनं पाठव आणि पोच मिळेल अशी सोय मागून घे, १ सप्टेंबर २०२५ पासून जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलंय म्हणून काउंटरवर गोंधळू नको. पावती आणि पत्राची झेरॉक्स एकाच फाइलीत. त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाक, दोन निळ्या टिका आल्या की त्याचा स्क्रीनशॉट.

मार्क्सकार्डसाठी मात्र अडून राहू नको. आयटीआयचं एनसीव्हीटी सर्टिफिकेट ऑनलाइन काढता येतं, तुझ्या आयटीआयमध्ये जाऊन विचार, कसं ते ते सांगतील, आणि नवीन कामाला लाग. पुढच्या ठिकाणी मात्र ओरिजिनल कुणाच्याही हातात द्यायचं नाही, दाखवायचं आणि परत पिशवीत घालायचं.

पंधरा दिवस गेले की लेबर ऑफिस. कन्नडमध्ये पाटी असते 'कार्मिक इलाखे', तेच. पगाराचा दावा लेबर ऑफिसर किंवा असिस्टंट लेबर कमिशनर यांच्याकडं जातो, नेमका कुणासमोर लावायचा ते तिथंच विचार, राज्याच्या १५५२१४ या कामगार हेल्पलाइनवरही विचारता येतं. आणि एक गोष्ट नीट ऐक, 'तक्रार' वेगळी आणि पगाराचा 'दावा' वेगळा. साधी तक्रार दिली की इन्स्पेक्टर फोन करेल, मालकाला बोलावेल, कधी तेवढ्यावर काम होतंही, पण तक्रार दिली म्हणजे मुदत थांबली असं समजू नको. दावा रीतसर अर्जानं लागतो, नंबर पडतो, तारीख पडते. त्या खिडकीवरून येताना आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

हे सगळं बेळगावातच, कर्नाटकातच. तुझ्याबरोबर चंदगडची पोरं कामाला होती असं छाटलेल्या भागात लिहिलंयस, त्यांनाही सांग, घर महाराष्ट्रात असलं तरी कोल्हापूरला जाऊन उपयोग नाही, काम जिथं केलं तिथलं ऑफिस. उलट शिनोळीला किंवा कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी महाराष्ट्राचंच लेबर ऑफिस गाठायचं. यात लोकांचे महिने वाया जातात.

आता भाषेचं, ज्याला तू घाबरलायस. राज्यघटनेचं ३५० वं कलम असं सांगतं की कुठल्याही माणसाला आपलं गाऱ्हाणं, केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं, देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. म्हणजे तुझा मराठीतला अर्ज घेणार नाही असं कुणी म्हणू शकत नाही. हे तुला माहीत पाहिजे, मान वर करून आत जायला माहीत पाहिजे. पण माझा सल्ला विचारशील तर मराठी अर्जाबरोबर त्याचीच कन्नड किंवा इंग्लिश प्रत जोड, गावातल्या एखाद्या मास्तरांकडून किंवा कन्नड शाळेत शिकलेल्या मित्राकडून लिहून घे. तुझी लढाई पगाराची आहे, त्या टेबलावर भाषेची दुसरी लढाई सुरू झाली तर फाइल बाजूला पडते आणि मालक घरी निवांत झोपतो. तिथले कारकून कन्नड बोलतात म्हणून ते तुझ्या विरोधात आहेत असं धरून आत जाऊ नको, मोडकंतोडकं कन्नड बोललास तरी माणसं मदत करतात.

खरी भीती दुसरीकडं आहे. एक, तारखेची नोटीस कन्नडमध्ये येते, घरात कुणाला वाचायला येत नाही, देवाच्या फोटोमागं खोचून ठेवतात, आणि तारखेला गेलं नाही म्हणून दावा निकाली. नोटीस आली त्याच दिवशी वाचून घे. दोन, जबाब लिहून घेतात आणि 'सही कर' म्हणतात. न वाचता सही करायची नाही, कितीही गर्दी असू दे. वाचून दाखवा म्हणायचं, शांतपणे म्हणायचं, पटलं तर सहीच्या वर मराठीत लिहायचं की 'मजकूर मला मराठीत समजावून सांगितला', आणि जे समजलं नाही त्यावर सही नाही.

वकील पाहिजेच असं नाही. पाहिजे असेल तर फुकट मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगार, सगळ्या स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील आहे. खानापूर कोर्टात तालुका विधी सेवा समितीत विचार, किंवा १५१०० ला फोन कर. नोंदणी झालेल्या युनियनचा पदाधिकारीही तुझ्या वतीनं दावा लावू शकतो. आणि तुझ्यासारखे आणखी कुणी अडकले असतील तर एकटा जाऊच नको, एकाच मालकाकडं थकलेले सगळे मिळून एकच अर्ज करता येतो. निपाणीच्या विडी कामगार बायका एकट्या एकट्या मागत होत्या तोवर त्यांना कुणी विचारत नव्हतं, संघटना बांधून उभ्या राहिल्यावर मालक बोलायला लागले, हे आपल्याच जिल्ह्यात झालंय.

केस केली तर परत कोण घेणार, हा प्रश्न मी टाळणार नाही. मालक एकमेकांना फोन करतात, खरं आहे. म्हणून क्रम असा ठेव, आधी दुसरीकडं कामाला लाग, मग पत्र पाठव, मुदत अजून आहे तोवर हे जमतं. नवीन ठिकाणी या भानगडीची चर्चा करू नको, फेसबुकवर कंपनीचं नाव घालून तर काहीच लिहू नको, तुझा खरा दावा राहील बाजूला आणि बदनामीची नोटीस तुला येईल. ज्याला सेटिंग येते, ड्रॉइंग वाचता येतं, त्या ऑपरेटरला काम मिळतं. आणि पगार बुडाला तरी गप्प बसतो अशी ओळख झालेल्या पोराला पुढचा मालक जास्त चांगलं वागवेल असं तुला वाटतं काय? मारायची, बघून घेतो अशी धमकी आली तर मात्र तो पोलिसांचा विषय, त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा. नुसत्या थकलेल्या पगारासाठी स्टेशनात गेलास तर ते लेबर ऑफिसलाच पाठवतील.

शेवटी बहुतेक तडजोडीवर येईल. नोटीस गेली की मालक मामाला फोन करेल, बाबांना चहाला बोलावेल, 'ऑफिसात कशाला, घरात मिटवू' म्हणेल. मिटवायला हरकत नाही, पण अधिकाऱ्यासमोर, कागदावर, रक्कम आणि तारखा लिहून. पैसे खात्यावर दिसल्याशिवाय 'फुल अँड फायनल मिळाले' वर सही नाही, कोऱ्या व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही तर मुळीच नाही. हप्ते मागितले तर दे, दोन किंवा तीन, पण पुढच्या तारखांचे चेक घेऊन. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत घालायचा, परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी नाही दिले तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार, चेक न वटल्याचं १३८ कलम. यातला एक टप्पा चुकला की तो रस्ता बंद होतो, म्हणून चेक परत आला की त्याच आठवड्यात वकील गाठ. लोकअदालतीत मिटवायचं ठरलं तर लक्षात ठेव, तिथल्या निवाड्यावर अपील नाही, आकडा मनाला पटला तरच हो म्हण. आणि मिटलंच नाही, निकाल तुझ्या बाजूनं लागला तरी त्यानं दिलं नाही, तर वसुली तुला दारात जाऊन करायची नसते, ती सरकारी यंत्रणा करते, नव्या संहितेत तर वसुलीचं सर्टिफिकेट डीसींकडं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, जातं आणि जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली होते. मूळ रकमेवर भरपाई किती ते अधिकारी ठरवतात, नव्या कायद्यात दहा पटीपर्यंत म्हटलंय पण तुझी थकबाकी जुनी, जुन्या कायद्यात नुसत्या उशिराला ती फार थोडी होती, त्यामुळं त्या आकड्यावर घरात बेत आखू नको. ८२ हजार हे तुझं, तेवढ्यावर लक्ष ठेव.

माग चालवणारे, वीटभट्टीवरचे, दुकानात राबणारे, तुमचीही पत्रं आलीत. रोजावर असा की नगावर, पगाराचा दावा तुम्हालाही लावता येतो, हिशोबाची पद्धत थोडी बदलते, त्यावर पुढच्या वेळी सविस्तर लिहिते.

आणि तू, भावा, हिशोबाचा कागद झाला की त्याचा फोटो मला पाठव, मालकाला पाठवायच्या आधी. बेरीज तपासते, तारखा बघते, आणि तुझ्या पीएफ पासबुकवर कुणाचं नाव निघालं तेही त्यात लिही, कारण अर्जात पहिलं नाव कुणाचं घालायचं ते त्यावरून ठरवू.